भारतात नास्तिक नेमके किती? ३३ हजार की २ कोटी?

लसावि | शनिवार, सकाळी ९:१४

२०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात 'नास्तिक' अशी नोंद झालेले लोक होते ३३,३०४. लाखात पावणेतीन माणसं. त्यातले ९,६५२ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात आपला पहिला नंबर (दुसरा मेघालय, तिसरा केरळ).

पुढच्याच वर्षी विन-गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने ५७ देशांत केलेल्या पाहणीचे निकाल आले. प्रश्न साधारण असा होता: प्रार्थनास्थळी जाता की नाही ते राहू द्या, तुम्ही स्वतःला धार्मिक म्हणाल, धार्मिक नाही म्हणाल, की पक्के नास्तिक? भारतात ८१ टक्के धार्मिक, १३ टक्के धार्मिक नाही, ३ टक्के पक्के नास्तिक. नुसते प्रौढ मोजले तरी ३ टक्के म्हणजे २ कोटींच्या वर जातात.

मग आलं प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेचं सर्वेक्षण. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२०, जवळपास ३० हजार लोक, १७ भाषा, घरी जाऊन समोरासमोर मुलाखती. ९७ टक्के लोक देव मानतात, सुमारे ८० टक्के तर अगदी निःशंक.

तिन्ही आकडे एकाच देशाचे, आणि पहिल्या दोनांत शेकडो पटींचा फरक. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या ओळखीतल्या शंभर माणसांत नास्तिक किती? आणि हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

देव आहे की नाही यावर कृपया इथे वाद नको. त्यासाठी जुने धागे आहेत, तिथे अजून धूर निघतोय.

तिरकस | ९:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

आमच्या सोसायटीत उघड नास्तिक एकच. गणेशोत्सवाचा खजिनदार कायम तोच असतो, कारण हिशेब चोख ठेवतो आणि 'देवाच्या मनात होतं' असं म्हणून एकही बिल मंजूर करत नाही.

मेतकूटभात | ९:५८

शंभर लांब राहिले, आमच्या घरातले चार मोजून द्या. सासरे देव मानत नाहीत, पण सासूबाईंचं श्राद्ध चुकवत नाहीत आणि भटजी उशिरा आले तर चिडतात. नवरा 'काहीतरी शक्ती आहे' या पक्षाचा. मी रोज संध्याकाळी दिवा लावते. देव आहे का, या प्रश्नाकडे बघायला मला अजून सवड झालेली नाही. लेक स्वतःला नास्तिक म्हणवते आणि परीक्षेला जाताना दहीसाखर मागून घेते.

सांगा लसावि, चारात किती?

लसावि | १०:०५

@मेतकूटभात, विन-गॅलपने विचारलं तर लेक 'पक्की नास्तिक', सासरे बहुधा 'धार्मिक नाही'. प्यूने विचारलं तर देव मानणारे दोन, न मानणारे दोन. जनगणनेत चारही हिंदू. म्हणून तर धागा काढला.

खडूफळा | ११:२०

मी २०११ला प्रगणक होतो. आम्हा प्राथमिक शिक्षकांना ही ड्यूटी चुकत नाही. त्यामुळे ते ३३ हजार कसे जमा झाले असतील याचा थोडा अंदाज आहे.

फॉर्ममध्ये धर्म हा ७वा प्रश्न. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन यांना १ ते ६ असे कोड. बाकी कोणताही धर्म असेल तर नाव अक्षरांत लिहायचं, कोड द्यायचा नाही. समोरचा जे सांगेल ते लिहायचं, आपण तर्क करायचा नाही, अशी सूचना होती आणि ती योग्यच. पण समोरचा म्हणजे कोण? घरातलं एक माणूस सगळ्यांची उत्तरं देतं. दुपारची वेळ, दारात उभं राहून बोलणं, कुकरच्या शिट्ट्या. बाई मुलांच्या जन्मतारखा आठवत असतात. धर्म विचारला की आधी आश्चर्याने बघतात, 'आडनाव सांगितलं ना गुरुजी' अशा चेहऱ्याने.

एका घरात कॉलेजातला मुलगा आतून ओरडला, 'माझं काही लिहू नका, मी मानत नाही.' वडील म्हणाले, 'लिहा हो हिंदू, त्याला नोकरी लागली की मानेल.' मी मुलाला बाहेर बोलावून विचारलं, तर तोवर त्याचा उत्साह मावळला होता. म्हणाला, लिहा काय ते.

तेव्हा ३३ हजार हा नास्तिकांचा आकडा म्हणून वाचू नका. वडिलांना ओलांडून दारापर्यंत आलेल्यांचा आकडा आहे तो.

ढ विद्यार्थी | ११:२६

गुरुजी, शेवटचं वाक्य फळ्यावर लिहा. +१

वकीलपत्र | दुपारी १२:४०

खडूफळा सरांनी ७व्या प्रश्नाचं सांगितलं. खरी गंमत ८व्यात आहे: अनुसूचित जाती/जमाती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत मोजले जायला आधी हिंदू असणं आवश्यक होतं. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले. म्हणजे एखाद्या दलित कुटुंबाने ७व्या रकान्यात 'धर्म नाही' लिहवलं तर ८व्या रकान्यात त्यांची नोंद अनुसूचित जाती म्हणून होत नाही. अशा माणसाने रकान्यात काय लिहावं हे त्याच्या श्रद्धेवर ठरत नाही.

कायद्याने निधर्मी असता येतं का, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. अभय ओक, न्या. चांदूरकर) निकाल दिला आहे की आपण कोणत्याच धर्माचे नाही असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि कुठलाही फॉर्म भरताना शासन त्याला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. प्रकरण राजपत्रातल्या नोंदीवरून उभं राहिलं होतं. आधार संविधानाचं कलम २५.

निळाई | १:३५

वकीलपत्र, मुद्दा बरोबर पकडलात. आमच्या आजोबांनी १९५६ला नागपूरला दीक्षा घेतली. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तरीही 'हिंदू महार'. माझ्या दाखल्यावर बौद्ध. तीन पिढ्यांत श्रद्धा एकच, कागद वेगवेगळे.

पण मला दुसरंच म्हणायचं आहे. प्यूच्या त्याच सर्वेक्षणात भारतातल्या बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं. २०११ला देशात बौद्ध ८४ लाख, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. मुलं वगळून तिसरा हिस्सा काढला तरी न मानणारे १५ लाखांच्या पुढे जातात. लसाविंच्या ३३ हजारांत यातलं कोणीच नाही, कारण आम्हाला ५ नंबरचा कोड आहे. धर्म आहे आणि देव नाही, असा माणूस तुमच्या आकडेवारीत कुठे दिसतो?

खरं तर मला उरलेल्या दोन तृतीयांशांचं जास्त कुतूहल वाटलं. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच आहे: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. आमच्या आजीला 'देव मानता का' विचारलं तर ती भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे हात करून 'हेच आमचं दैवत' म्हणेल. विचारणारा त्यावर 'होय'समोर खूण करून पुढच्या प्रश्नावर जाईल. चूक तिची नाही, त्याचीही नाही.

तिरकस | १:४२

@निळाई, जोरदार अनुमोदन. बाकी आकड्यात इतकं काही दडलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

वऱ्हाडी ठेचा | २:५०

लसावि भाऊ, तुमच्या शंभर वर्षं आधी एका गोऱ्या साहेबानं हाच उपद्व्याप केला होता, आन् तोही आमच्याच वऱ्हाडात!

१९११च्या जनगणनेचे आयुक्त ई. ए. गेट. त्यांनी १९१०ला एक परिपत्रक काढलं. हिंदू म्हणून जे मोजले जातात ते कोणत्या अर्थानं हिंदू, हे तपासायला दहा कसोट्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व नाकारतात का? वेदांचं प्रामाण्य नाकारतात का? मोठे हिंदू देव पुजत नाहीत का? गुरूकडून मंत्र घेत नाहीत का? देवळाच्या आत जाता येत नाही का? मृतांना पुरतात का? गोमांस खातात का? अशा.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचं उत्तर काय आलं ऐका. हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी पाव लोक ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेदांचं प्रामाण्य मानत नव्हते. पाव लोक मोठे देव पुजत नव्हते. निम्म्याहून जास्तींनी मान्यताप्राप्त गुरूकडून मंत्र घेतलेला नव्हता. एक तृतीयांशांना देवळात प्रवेश नव्हता. आणि पाचात दोन गोमांस खात होते. बाबासाहेबांनी हे परिपत्रक पुढे आपल्या अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात तपशिलात वापरलं आहे.

परिपत्रकामागं राजकारण होतं हे उघड आहे. १९०६ला मुस्लिम शिष्टमंडळ व्हॉइसरॉयला भेटून म्हणालं होतं की अस्पृश्यांना हिंदूंत मोजू नका, त्यानं कायदेमंडळातल्या जागांचं गणित बिघडतं. म्हणून गदारोळ झाला. पण राजकारण बाजूला ठेवलं तरी बाप्पा, माणसाला 'तू कोण' न विचारता 'तू काय करतोस, तुला काय करू देतात' असं विचारलं की चित्र किती पालटतं ते पाहा.

शंकासूर | ३:१५

ठेचाभाऊ, माहिती मस्त. पण यातून निघतं काय? कसोट्या साहेबाने ठरवल्या. त्याऐवजी लोकमान्यांची व्याख्या घ्या: 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता, उपास्यानामनियमः'. म्हणजे वेद प्रमाण मानायचे, साधनं अनेक, आणि कोणाची उपासना करायची याला नियमच नाही. १९६६ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. गजेंद्रगडकरांनी, सत्संगी (स्वामिनारायण पंथीय) खटल्यात हीच व्याख्या उद्धृत केली. या हिशेबाने देव न मानणारा हिंदू बसतो, वेद न मानणारा बसत नाही.

आणि लोकांना विचारलं तर तिसरंच. प्यूमध्ये ७२ टक्के हिंदू म्हणाले की गोमांस खाणारा हिंदू असू शकत नाही. देव न मानणाऱ्याबद्दल असं म्हणणारे ४९ टक्के. लोकांच्या लेखी ताट देव्हाऱ्यापेक्षा मोठं आहे.

गोटीसोडा | ३:१८

जेवणाचा विषय निघाला की या संस्थळावर ३०० प्रतिसाद नक्की.

शंकासूर | ३:३३

मुद्द्यावर येतो. लसावि, तुमचे तिन्ही आकडे मला मान्य नाहीत, कारण समोरासमोर विचारल्यावर माणूस शोभेल असं उत्तर देतो. अमेरिकेत १९९३ला समाजशास्त्रज्ञांनी ओहायोतल्या एका परगण्यात चर्चमधली हजेरी प्रत्यक्ष मोजली. फोनवर विचारलं की ४० टक्के लोक 'दर आठवड्याला जातो' म्हणत. मोजल्यावर साधारण निम्मेच निघाले.

यावर एक युक्ती आहे. लोकांचे दोन गट करा. पहिल्याला चार साधी विधानं द्या: मला कारलं आवडतं, मी लोकलने कामाला जातो, घरी मांजर आहे, मला पोहता येतं. यातली किती खरी तेवढाच आकडा सांगायचा, कोणती ते सांगायचं नाही. दुसऱ्या गटाला हीच चार आणि पाचवं 'मी देव मानत नाही'. पहिल्या गटाची सरासरी १.५ आणि दुसऱ्याची १.७ आली, तर ०.२ म्हणजे २० टक्के नास्तिक. कोणाचं गुपित फुटत नाही. २०१८ला गर्वे आणि नायल यांनी अमेरिकेत असं करून पाहिलं. तिथे थेट विचारल्यावर ३ ते ११ टक्के येणारे नास्तिक या पद्धतीने २६ टक्के निघाले.

लसावि | ३:५०

@शंकासूर, तो निबंध मीही वाचला आहे. तुम्ही त्यातला सर्वांत मजेदार भाग गाळलात. पद्धत तपासायला त्यांनी एका नमुन्यात पाचवं विधान असं ठेवलं: 'दोन अधिक दोन तेरापेक्षा कमी असतात, यावर माझा विश्वास नाही.' आणि सुमारे एक तृतीयांश अमेरिकन माणसांचा नाही, असं उत्तर आलं.

तिरकस | ३:५२

अमेरिका आहे ती, काही सांगता येत नाही.

शंकासूर | ४:०७

तो भाग आहे, नाकारत नाही. नकारार्थी विधानात लोक गोंधळतात. लेखकांनी स्वतःच तो आकडा छापला, हा त्यांचा प्रामाणिकपणा. २६ म्हणजे नेमके २६ असा दावा त्यांचाही नाही. पण थेट विचारून येणारा आकडा तळाचा असतो एवढं तर धराल? इराणमध्ये अधिकृत जनगणनेत ९९ टक्क्यांवर मुस्लिम. २०२०ला गमान नावाच्या गटाने नाव न विचारता ऑनलाइन पाहणी केली, तर स्वतःला मुस्लिम म्हणवणारे ४० टक्के निघाले.

लसावि | ४:११

ऑनलाइन फॉर्म भरायला येणारा माणूस आधीच वेगळा असतो. आणि त्याच पाहणीत ७८ टक्के देव मानत होते, तेही सांगा. धर्म सोडला, देव नाही सोडला.

लेस्टरवासी | ५:०५

इकडे इंग्लंडात हे नाट्य दर दहा वर्षांनी होतं. २००१ला पहिल्यांदा जनगणनेत धर्म विचारला, तोही ऐच्छिक. इंग्लंड-वेल्समध्ये ३ लाख ९० हजार लोकांनी 'जेडाय' लिहिलं, स्टार वॉर्समधला धर्म.

जनगणनेचा प्रश्न असतो, 'तुमचा धर्म कोणता?' धर्म आहे हे गृहीतच. दुसरं एक वार्षिक सामाजिक सर्वेक्षण विचारतं, 'तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का? मानत असाल तर कोणत्या?' २०११ला जनगणनेत धर्म नसलेले २५ टक्के, आणि त्याच सुमारास त्या सर्वेक्षणात जवळपास निम्मे. मानवतावाद्यांनी तेव्हा मोहीम काढली होती: 'धार्मिक नसाल तर देवाशपथ तसं लिहा!' २०२१ला धर्म नसलेले ३७ टक्के झाले आणि ख्रिश्चन पहिल्यांदाच निम्म्याखाली, ४६ टक्के.

ऑस्ट्रेलियाने २०१६ला आणखी साधी गोष्ट केली. यादीत 'धर्म नाही' हा पर्याय तळातून उचलून सगळ्यात वर ठेवला. २२ टक्क्यांचे ३० झाले. सगळी वाढ त्यानेच झाली असं मी म्हणत नाही, कारण २०२१ला पुन्हा ३९ झाले, तेव्हा पर्याय जागेवरच होता.

आमच्या घरी मात्र सगळ्यांसमोर हिंदू. इथे आल्यावर तो रकाना श्रद्धेचा राहत नाही. मंदिराला हॉल मिळावा, शाळेने दिवाळीची सुट्टी द्यावी, तर कौन्सिलला आकडा दाखवावा लागतो. माझा मुलगा देव मानत नाही; तोच म्हणाला, हिंदू लिही, डोकी मोजली जातायत.

म्हापशेकार | ६:२०

गोव्यातून दोन शब्द. आमच्याकडे धर्माचा रकाना भरायला कोणाला अडचण नाही. २०११ला ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिश्चन, हिशेब स्वच्छ. पण म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (चर्चमधल्या मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे जत्रेला, येऊन बघा. ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं दोन्ही बाजूचे लोक मानतात. हिंदू बायका तेल घेऊन रांगेत असतात. त्यांना 'ख्रिस्ती देव मानता का' असं विचारलंत तर वेड्यात काढतील. त्या सायबिणीला भेटायला आलेल्या असतात.

प्यूवाल्यांनाही हे सापडलं आहे. गंगाजलाने शुद्धी होते असं मानणारे भारतातले ख्रिश्चन ३२ टक्के. कर्म मानणारे मुस्लिम ७७ टक्के, हिंदूंइतकेच.

मेतकूटभात | ६:४१

म्हणजे मी मघाशी म्हटलं तेच. आपल्याकडे माणसं देवाचं करतात. मानतात का, हे विचारायची पद्धत नाही. प्रश्नच बाहेरचा आहे.

निळाई | ६:५५

@मेतकूटभात, ताई, पूर्ण सहमत नाही. तुमच्या घरात विचारायची पद्धत नसेल. आमच्याकडे सत्तर वर्षांपूर्वी जाहीरपणे विचारून, उत्तर देऊन, घरातले देव नदीत सोडलेली माणसं आहेत. न मानणं हा त्यांच्यासाठी बाहेरचा प्रश्न नव्हता. फक्त 'करणं' मोजायचं ठरवलं तर ज्यांनी ठरवून थांबवलं ते पुन्हा अदृश्य होतील.

मेतकूटभात | ७:०२

हे पटलं. विचार करते आहे.

जपानी पंखा | ७:१०

क्योतोहून. इथे निम्म्याहून अधिक लोक 'माझा कोणताच धर्म नाही' म्हणतात. आणि देवळांनी, मठांनी सरकारला कळवलेल्या अनुयायांची बेरीज १६ कोटींच्या वर जाते. देशाची लोकसंख्या सव्वाबारा कोटींच्या आसपास. एकच माणूस शिंतोच्याही यादीत आणि बौद्धांच्याही. कोणाला काही वाटत नाही. चालू द्या.

खरेखोटे | ८:३०

हे सगळं परदेशी संस्थांचं षड्यंत्र आहे. हिंदूंनाच का मोजता?

(यानंतरचे ९ प्रतिसाद संपादक मंडळाने उडवले आहेत. वैयक्तिक शेरे टाळावेत.)

लसावि | रविवार, सकाळी ८:०५

रात्री बरंच काही होऊन गेलेलं दिसतं.

मूळ प्रश्नाला आकडा देऊन उत्तर कोणीच दिलं नाही, म्हणून व्यनि (खासगी निरोप) करून सहा-सात जणांना विचारलं. शंभरात किती? १ पासून ४० पर्यंत उत्तरं आली. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि पन्नाशीच्या आतल्या मंडळींचे आकडे मोठे. प्रत्येकाने आपली पंगत मोजली आहे. ब्रिटनमध्ये २०१४ला इप्सॉस या पाहणी करणाऱ्या संस्थेने लोकांना अंदाज करायला सांगितलं होतं: देशात मुस्लिम किती? लोक म्हणाले २१ टक्के, होते ५. ख्रिश्चन किती? म्हणाले ३९, स्वतःला तसं म्हणवणारे होते ५९. ज्याची चर्चा जास्त ते जास्त दिसतं, जे मुकाट असतं ते कमी.

मला स्वतःला विचाराल तर प्यूचे (९७ वगळून उरलेले) ३ आणि विन-गॅलपचे ३ हे एकच ३ नाहीत, यात तरी आता शंका उरली नाही. निळाईंचे १५ लाख एकात असतील आणि दुसऱ्यात नसतीलही.

अण्णा सांगलीकर | ९:२०

सगळं वाचलं. एक सुचवतो. अंनिसचा कार्यकर्ता कुठे मोजाल? डॉ. दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की समितीचा विरोध देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, देव मानणाऱ्याला नाही. आमच्या शाखेत माळकरी होते, विवेकवादी होते, दोघंही बुवाबाजीच्या विरोधात एकाच ट्रकवर उभे राहायचे. तुमच्या तिन्ही प्रश्नावल्यांत त्यांची उत्तरं वेगळी येतील, आणि गावातले लोक दोघांनाही नास्तिकच म्हणायचे!

खडूफळा | १०:१५

अण्णा, शंभर टक्के. गावात 'नास्तिक' ही पदवी शेजारी देतात.

आता कामाचं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय जाहीर झाली आहे. ज्यांना हवं तेच नोंदवायचं आहे त्यांनी ती वापरावी. प्रगणक आला तर धर्म मोबाइलवर काय निवडला ते वाचून दाखवायला सांगा. बिनदिक्कत सांगा, कोणी रागावणार नाही, फार तर उसासा टाकेल.

वकीलपत्र | १०:२२

आणि ७व्या-८व्या रकान्याचं मी वर लिहिलंय ते विसरू नका. भावनेच्या भरात भरू नका.

ढ विद्यार्थी | १०:४०

गुरुजी, ऑनलाइन भरायचं तर कुटुंबप्रमुख म्हणून नाव कोणाचं टाकायचं? आई आणि आजी दोघी तयार आहेत, आमचं घोडं तिथेच अडलंय.

खडूफळा | १०:४३

त्यासाठी वेगळा धागा काढा.